सगळे बिझी, तरी प्रोजेक्ट लेट कसा? टोयोटाचा 'मुदा' आपल्या कामात शोधू या

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आलाय. "सर, लीन (वाया जाणारं कमी करायची टोयोटाकडून आलेली पद्धत) वगैरे कारखान्याला ठीक आहे. आमच्याकडे ना असेंब्ली लाइन, ना गोदाम. प्रोजेक्टमध्ये लावायचं कुठे?" चाकणवाले मित्र उलटंच लिहितात, "आम्ही रोज सकाळी फाइव्ह-एस (कामाची जागा आवरून नीट ठेवायचे पाच नियम) म्हणतो, बोर्ड रंगवले, फोटो काढले. पुढे काय?" उत्तर दोघांनाही एकच आहे, म्हणून आज एकत्रच उरकतो.

पाया पटापट. टोयोटाचे इंजिनिअर ताइची ओनो यांनी वाया जाण्याचे सात प्रकार मांडले. गरजेपेक्षा जास्त किंवा गरजेच्या आधीच बनवणं, वाट बघणं, मालाची ने-आण, नको तितकी प्रक्रिया, साठा, माणसांची उगाच हालचाल आणि सदोष माल. हाच तो मुदा, वाया जाण्याला जपानी शब्द. माणसाची अक्कल न वापरणं हा आठवा प्रकार नंतरच्या लोकांनी जोडला. यादी कुठेही मिळेल, इंटरव्ह्यूला विचारतात, पाठ करून ठेवा. झाला पाया.

आता जे माझ्या डोक्यात जातं ते. मॅनेजर ही यादी वाचतो, "वाट बघणं" या शब्दांपाशी थांबतो आणि मान वर करून हॉलभर नजर फिरवतो. कोण रिकामा बसलाय? सापडला मुदा! एका ठिकाणी, नाव घेत नाही, लीनच्या नावाखाली टाइमशीट पंधरा-पंधरा मिनिटांची केली होती आणि चहाचं मशीन उचलून मधोमध आणलं होतं, म्हणे चालणं वाचेल. त्याच वेळी त्याच ऑफिसात क्लायंटची अर्धा डझन ड्रॉइंग्ज एका साहेबांच्या मेलमध्ये लोळत पडली होती. त्यांना कोणी विचारत नव्हतं, "काय रे, काम नाही का तुला?"

माणूस रिकामा बसला की दिसतो, काम रिकामं बसलं की दिसत नाही. सगळी गोम इथे आहे. हेच मी आज तीन बाजूंनी सांगणार आहे, कारण एकदा सांगून हे कोणालाच पटत नाही. कमेंटमध्ये "सर, रिपीट होतंय" लिहू नका, मला माहितीय.

पहिली बाजू, टोयोटाची. ओनोंच्या मते सातांपैकी सगळ्यात वाईट प्रकार कोणता? जास्त बनवणं. रिकामं बसणं नव्हे. कारण जास्तीचा माल बनला की तो ठेवायला जागा लागते, हलवायला माणूस लागतो, आणि त्यातली खोट महिन्याने कळते. म्हणजे बाकीचे प्रकार त्याच्या मागोमाग येतात. टोयोटाने पैसा अडकणं म्हणजे काय ते सोसलेलं होतं. युद्धानंतरच्या मंदीत कंपनी बुडायच्या बेतात आली, १९५० मध्ये कामगारकपात झाली, मोठा संप झाला आणि संस्थापक किइचिरो तोयोदांनी राजीनामा दिला. त्यानंतर ओनोंच्या खात्यात पद्धत बसत गेली ती अशी: पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने बनवायचं नाही. मागणीची चिठ्ठी म्हणजे कानबान. चिठ्ठी आली नाही तर हात थांबवायचे. अगदी खुशाल थांबवायचे! हे आपल्याकडच्या साहेबांना सांगा, घेरी येईल.

घरातलं बघा. एक जण पोळ्या लाटतंय, एक जण भाजतंय. लाटणारीचा हात भारी चालला, तव्यापाशी लाटलेल्या पोळ्यांची चळत लागली. दहा मिनिटांत त्या एकमेकींना चिकटतात, मग गोळा करून पुन्हा लाटा. लाटणारी दमली, भाजणारी वैतागली आणि पानावरचा माणूस अजून उपाशीच.

प्रोजेक्टमधली चळत म्हणजे अर्धवट कामं. लिहिलेला पण न तपासलेला कोड, काढलेलं पण मंजुरी न मिळालेलं ड्रॉइंग, मागवलेलं पण सहा महिने साइटवर पावसात भिजणारं मटेरियल. मेरी आणि टॉम पॉपेंडिक यांनी २००३ च्या सुमारास हे सात प्रकार सॉफ्टवेअरला लावले, तेव्हा साठ्याच्या जागी त्यांनी अर्धवट कामच ठेवलं. तर ज्यांनी विचारलं "आमच्याकडे गोदाम कुठे?", त्यांनी आपला मेलबॉक्स उघडून बघा.

दुसरी बाजू, गणिताची. (फळ्याकडे वळून) घाबरू नका, तिसरीचं गणित आहे. तीन कामं, प्रत्येक दहा दिवसांचं, करणारा माणूस एक. एकामागून एक केली तर पहिलं संपतं १० व्या दिवशी, दुसरं २० व्या, तिसरं ३० व्या. आता तिघांचे फोन येतायत म्हणून आज याचं, उद्या त्याचं, परवा तिसऱ्याचं, असं फिरत राहिलात तर? पहिलं संपतं २८ व्या दिवशी, दुसरं २९ व्या, तिसरं ३० व्या. माणूस दोन्हीकडे तीसही दिवस राबला. टाइमशीट सारखीच! पण पहिला क्लायंट अठरा दिवस उगाच ताटकळला. आणि कामं बदलताना "कुठे होतो मी?" यात जाणारा वेळ मी धरलेलाच नाही.

जॉन लिटल यांचा १९६१ चा नियमही हेच सांगतो. सरासरी किती कामं चालू आहेत, भागिले आठवड्याला किती संपतात, बरोबर एका कामाला लागणारा वेळ. बारा चालू, आठवड्याला तीन संपतात, तर चार आठवडे. जोशात चोवीस सुरू केली आणि वेग तोच राहिला, तर आठ आठवडे. कोणी आळशी झालं नाही.

एका दर्शकाने रागावून लिहिलंय, "मुरा आणि मुरी विसरलात, अर्धवट ज्ञान." नाही विसरलो हो, मुदाचेच हे दोन जोडीदार. मुरा म्हणजे कामाचा चढउतार, मुरी म्हणजे माणसावर किंवा मशीनवर पेलवणार नाही एवढा भार. मुरीचा हिशोब ऐकाच. रांगेच्या अगदी साध्या गणितात, तपासणारा ८० टक्के भरलेला असेल, म्हणजे त्याचा ८० टक्के वेळ कामात जात असेल, तर त्याच्यापाशी येणारं काम, तपासायला लागणाऱ्या वेळेच्या सरासरी चौपट वेळ रांगेत थांबतं. तो ९५ टक्के भरला की एकोणीसपट. "माझी टीम शंभर टक्के युटिलाइज्ड आहे" असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे पुन्हा ऐका.

तिसरी बाजू, हातात घेऊन बघायची. माणसांच्या मागे नका लागू, एका कामाच्या मागे लागा. मी एका शेडच्या कामात एका ड्रॉइंगच्या मागे गेलो होतो. बेसप्लेटच्या बोल्टची भोकं सरकवायची, एवढाच बदल. ड्राफ्ट्समनने दोन तासांत केला. मग ते चेकरच्या मेलमध्ये पडून, कारण ते सगळी ड्रॉइंग्ज गुरुवारी एकदम बघतात. गुरुवारी एक वेल्डिंगची खूण राहिली म्हणून परत. खूण घालायला दोन मिनिटं, पण पुढचा गुरुवार. मग मंजुरी देणारे कन्सल्टंट साइटवर गेलेले, म्हणून पुन्हा पडून. एकूण हात लागला तीन तास, कॅलेंडरवर गेले अडीच आठवडे. आणि साइटवर सगळे म्हणत होते, "ड्राफ्ट्समन स्लो आहे."

करायचं काय? प्रत्येक कामाची चिठ्ठी भिंतीवर लावा, कोपऱ्यात सुरू केल्याची तारीख लिहा. जागची हलली नाही की रोज संध्याकाळी तिच्यावर पेनाने एक ठिपका. आठवड्यात काही चिठ्ठ्यांना देवी आल्यासारखे ठिपके दिसतील. त्या कोणापाशी आणि का अडकल्या, एवढंच विचारायचं. आणि "तपासणी" या रकान्यावर मर्यादा घाला, समजा तीन. तीन भरले की नवीन ड्रॉइंग काढायचं नाही, उठून तपासायला मदत करायची. पहिले काही दिवस जाम विचित्र वाटतं.

एक सावधगिरी. कारखान्यात तोच भाग हजार वेळा बनतो, प्रोजेक्टमध्ये नाही. नमुना बनवला आणि फसला, तर तो सदोष माल धरू नका, काहीतरी कळलं ना! सगळे प्रयोगच छाटणारे लीनवाले मी पाहिलेत, ते वेगळं संकट.

शेवटचा प्रश्न, सगळ्यात जास्त लाइक असलेला. "सर, क्लायंटच म्हणतो तिन्ही कामं आजच सुरू करा, काय करू?" वाद घालू नका. १०, २०, ३० आणि २८, २९, ३० असे दोन रकाने कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, यातलं कुठलं पाहिजे? तीन वेगळे क्लायंट असतील तर मात्र प्रकरण अवघड आहे, कारण तिसऱ्याला दोन्हीकडे ३० च दिसतात. तिथे पहिला नंबर कोणाचा हे तुमच्या साहेबांनी ठरवायला हवं, तुम्ही नव्हे. ते कसं ठरवून घ्यायचं, त्यावर पुढचा व्हिडिओ करतो. तोवर ठिपकेवाल्या भिंतीचे फोटो पाठवा. क्लायंटचं नाव झाकून, प्लीज.