बिबा उतला की आधी तेल

(पडद्यावर: सपाट दगड, त्यावर उभा धरलेला काळा बिबा, वरून येणारा घाव. सुरुवातीला फक्त आवाज.)

एकच घाव. जोर जास्त झाला तर आतली गोडंबी चुरते, आणि चुरलेल्या गोडंबीला पूर्ण भाव मिळत नाही.

वाशिम जिल्ह्यातलं हे अंगण. हिवाळ्यात जंगलातून वेचून आणलेले बिबे उन्हात वाळले आहेत. आता घरातल्या बाया सकाळपासून फोडायला बसल्या आहेत.

(हातांचं जवळून दृश्य.)

हे फुटलेलं टरफल बघा. त्याच्या जाडीत मधाच्या पोळ्यासारखे कप्पे आहेत आणि त्यांत तेलकट चीक भरलेला आहे. हवा लागली की तो काळा पडतो. धोबी याच चिकानं कपड्यांवर खुणा करायचे, कारण त्या खुणा धुतल्या तरी जात नाहीत. हा चीक अंगाला लागला की एक-दोन दिवसांत खाज सुटते, कातडी लाल होते, पाण्यानं भरलेले फोड येतात. त्याला इथं म्हणतात, बिबा उतला.

म्हणून प्रत्येकीच्या उजव्या बाजूला राखेचं घमेलं आहे. चार-पाच बिबे फोडले की हात राखेत. पुन्हा चार-पाच, पुन्हा राख. नव्या सुनेचा हात जरा कोरडा दिसला की सासू हातातलं काम न थांबवता म्हणते, "राख घे वं, राख घे."

राख चीक पिऊन घेते, तो कातडीपर्यंत कमी पोचतो. आयुर्वेदात बिब्याला भल्लातक म्हणतात. औषधात वापरण्याआधी तो विटेच्या भुकटीत घोळवून चोळायची पद्धत आहे. तिथंही भुकटीचं काम तेल ओढून घेण्याचंच. वैद्याकडे वीट, या अंगणात चुलीतली राख. ही अक्कल या बायांना कुणी शिकवायला आलं नव्हतं. ती सासूकडून सुनेकडे आली आहे.

(संध्याकाळ. वाटीत खोबरेल तेल, जुन्या लुगड्याच्या चिंध्या.)

आता खरं औषध. हात थेट पाण्याखाली धरायचे नाहीत, कारण चीक तेलकट आहे. नुसत्या पाण्यानं तो सुटत नाही, उलट पसरतो. आधी खोबरेल तेल, अगदी सढळ. बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला, मनगटाच्या वरपर्यंत. तेलात चीक सैल होतो. मग चिंधीनं पुसायचं, पुन्हा तेल, पुन्हा पुसायचं. साबण त्यानंतर. "आधी तेल, मंग साबन," असं इथली लहान पोरगीही सांगते.

ती चिंधी चुलीत जात नाही. बिब्याचा धूर लागला तरी अंग उततं. ती अंगणापलीकडे खड्ड्यात पुरतात. पदर वेगळा धुतात, कारण पदराला लागलेला चीक दुसऱ्या दिवशी गालाला लागतो. फोडातल्या पाण्यानं रोग पसरतो असं पुष्कळांना वाटतं. पसरवतो तो नखात आणि कपड्यात राहिलेला चीक.

(पाट्यावर तीळ.)

आणि उतलाच, तर हे तीळ. पाण्यात भिजवून पाट्यावर गंधासारखे वाटायचे, लोण्यात कालवून फोडांभोवती हलक्या हातानं लावायचे. कुणी सुकं खोबरं वाटून लावतात. यानं आग शमते, ताणलेली कातडी मऊ पडते. फोड आपल्या वेळेनंच सुकतो, दोन-तीन आठवडे घेतो. तो फोडायचा नाही, त्यावर चुना तर मुळीच नाही. गाजरगवत उपटताना उठणारी खाज वेगळी, तिच्यावर हा लेप चालेलच असं नाही.

तोंड सुजलं, डोळ्यात चीक उडाला किंवा फोडात पू धरला, तर लेप बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं लागतं.

(सूप. पाखडण्याचा आवाज.)

टरफलं एका बाजूला, गोडंबी एका बाजूला. डिंकाच्या लाडवात, बाळंतिणीच्या खाऊत पडणारी हीच ती गोडंबी. बिबा आंबा आणि काजूच्या कुळातला. ज्यांना बिबा उततो, त्यांतल्या काहींना आंब्याच्या चिकानंही ओठाशी पुरळ येतं. सुपातली गोडंबी मात्र स्वच्छ, पांढरट, डाग नसलेली.

ती निवडणारे हे हात.

(नात आजीचा तळवा मांडीवर घेते. तेलाची वाटी. निवेदन इथं थांबतं, दृश्य चालू राहतं.)