फ्रिजच्या दारातली बाटली

(पडद्यावर: पहाटेची गंगावेस. म्हशीची धार थेट पेल्यात पडते आहे.)

कोल्हापुरात तब्येत अंगावर दिसली पाहिजे. तालमीतल्या पोरांना हेच सांगतात. पोरींना मात्र उलटं.

हिचं नाव आपण घेणार नाही. अकरावीत असताना टाइप १ मधुमेह निघाला, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणंच जवळजवळ थांबलेलं. त्याआधी दोन महिने सारखी तहान, सारखी लघवी आणि पोरगी वाळत चाललेली. घरात मात्र कौतुक. आत्या म्हणायची, "लई बारीक झालीस की! कशी झ्याक दिसतीस." इन्सुलिन सुरू झालं, शरीर सावरलं, वजन परत आलं. पोरीनं ते वजन इंजेक्शनच्या खात्यावर मांडलं.

(पडद्यावर: फ्रिजचं दार. ठेच्याच्या बरणीमागं इन्सुलिनची बाटली.)

आईचं लक्ष ताटावर. भात किती, गूळ खाल्ला का, कुणाच्या हळदीकुंकवात पेढा घेतला का. बाटलीकडं कुणी बघत नव्हतं. एका रविवारी फ्रिज पुसताना आईनं ती उजेडात धरली. आपल्याकडच्या दहा मिलीच्या साध्या बाटलीत ४०० युनिट असतात. पोरीचा डोस दिवसाला ४०. म्हणजे दहा दिवसांत बाटली संपायला हवी. महिना होत आला, तरी निम्मी शिल्लक.

"काय गं, औषध उरतंयच कसं?"

"घेतो की मी, आई."

कोल्हापूरची पोरगी 'घेतो'च म्हणणार. पण घेत नव्हती.

इन्सुलिन नसलं की रक्तातली साखर पेशींत शिरत नाही. ती साधारण १८०च्या वर गेली की लघवीवाटे वाहायला लागते. पोटात जेवण असतं आणि शरीर उपाशी. मग ते स्वतःची चरबी जाळतं, स्नायू जाळतं. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिन सापडलं. त्याआधी या आजाराची मुलं अशीच वाळून जायची.

वजन उतरावं म्हणून मुद्दाम इन्सुलिन टाळण्याला 'डायब्युलिमिया' हे बोलीतलं नाव पडलंय. बॉस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रानं टाइप १ असलेल्या २३४ बायकांची अकरा वर्षांनी पुन्हा माहिती घेतली. तो अभ्यास २००८ मध्ये छापून आला. सुरुवातीला त्यांतल्या ३० टक्के जणी डोस कमी घेत होत्या. त्यांच्यात मृत्यूचा धोका तिपटीहून जास्त निघाला. मूत्रपिंड आणि पायांचे त्रासही जास्त.

हिला मात्र आधी उलट्या झाल्या. श्वास खोल आणि भराभर, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. घरच्यांनी पित्त म्हणून लिंबू-सरबत दिलं. हे कीटोॲसिडोसिस होतं, म्हणजे चरबी जळून तयार झालेलं आम्ल रक्तात साठलेलं. त्यात तास महत्त्वाचे असतात. अतिदक्षता विभागात चार दिवस काढले.

(पडद्यावर: दवाखान्याची ओसरी. पायांवर कॅमेरा.)

खरी कसोटी त्यानंतर. डोस नीट सुरू झाला की शरीर पाणी धरतं, घोट्यावर सूज येते. ती थोड्या दिवसांत उतरते. पण आरशासमोरच्या मुलीला ती चरबीच वाटते, आणि नेमकं इथंच अनेकींचं इंजेक्शन पुन्हा सुटतं. साखर झपाट्यानं खाली आणली तर नसांत आगीसारखी वेदना उठू शकते, डोळ्याचा पडदा बिघडू शकतो. म्हणून हिचा डोस डॉक्टरांनी पायरीपायरीनं वाढवला. सोबत मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ. नुसतं "साखर का वाढली?" असं दरडावणारे डॉक्टर तिनं आधी दोन बघितले होते. दोघांनाही ती खोटंच सांगून आली होती.

आता वजन करताना ती काट्याकडं पाठ करून उभी राहते. आकडा नर्स लिहून घेते, बोलत नाही. घरचा काटा आईनं माळ्यावर टाकलाय.

परवा आत्या आली होती. म्हणाली, "भरलीस की जरा!" आईनं तिच्यापुढं चहा ठेवला आणि गॅसच्या नंबराचा विषय काढला.

(पडद्यावर: फ्रिजचं दार. नव्या बाटलीवर पांढरी चिकटपट्टी. त्यावर पेनानं उघडल्याची तारीख, पोरीच्याच अक्षरात.)