डाव्या पानावरचं वर्तुळ

(दृश्य: हिंगोली. महाविद्यालयाची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. खिडक्यांना काळे पडदे.)

सोडियमचा दिवा लावला की आधी तांबूस उजेड पडतो. पाच-दहा मिनिटांनी तो हळदीसारखा पिवळा होतो. मग ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. सपाट काचेवर एक भिंग ठेवलंय, फुगीर बाजू खाली. दोन्हींच्या मधे हवेचा पातळ थर, आणि त्यातून उमटलेली वलयं. काळं, पिवळं, पुन्हा काळं. ही न्यूटनची वलयं. ती मोजता मोजता आकडा चुकला, म्हणून पुन्हा एकपासून सुरुवात केली नाही असा बी.एस्सी.चा विद्यार्थी विरळाच.

भिंगाची वक्रता त्रिज्या १ मीटर असेल, तर दहाव्या काळ्या वलयाचा व्यास भरतो साधारण ४.९ मिलिमीटर. मग विसाव्याचा दुप्पट भरेल? नाही. दुप्पट व्हायला चाळिसाव्या वलयापर्यंत जावं लागतं. म्हणून ग्राफ व्यासाचा नाही, व्यासाच्या वर्गाचा काढतात. तो सरळ रेषेत येतो. स्लोप काढला, दिव्याच्या प्रकाशाची तरंगलांबी आली, जर्नलवर सही झाली.

पण वर्गच का?

(दृश्य: फळा. खडूनं काढलेलं वर्तुळ, उभा व्यास, त्याला छेदणारी आडवी जीवा.)

याचं उत्तर दहावीच्या भूमितीत आहे: जीवांच्या अंतर्छेदनाचं प्रमेय. भिंग म्हणजे एका मोठ्या गोलाचा काप. वलयाचा व्यास ही आडवी जीवा, गोलाचा व्यास ही उभी. मग वलयाच्या त्रिज्येचा वर्ग म्हणजे हवेच्या थराची जाडी गुणिले गोलाचा उरलेला व्यास. जाडी इतकी कमी, की उरलेला व्यास पूर्णच धरला तरी चालतो. एका काळ्या वलयापासून पुढच्यापर्यंत ही जाडी अर्ध्या तरंगलांबीनं वाढते. म्हणून वर्गही सारख्याच हप्त्यानं वाढत जातो.

"मॅडम, हे तर दहावीलाच झालंय की!" मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली. अशा एका वाक्यासाठी तीन वर्षं शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण एरवी सकाळी गणिताचा तास असतो, दुपारी फिजिक्सचं प्रॅक्टिकल. शिक्षक वेगळे, वही वेगळी. गणितात फूरिए श्रेणी पाठ होते, फिजिक्समध्ये कंप पावणारी तार. त्या तारेच्या आवाजातले सूर वेगळे करायला हीच श्रेणी लागते, हे कुणी सांगितलं तर कळतं. आईनस्टाईन यांनाही सोबत लागली होती. १९१२ मध्ये झुरिकला परतल्यावर गुरुत्वाकर्षणासाठी वक्र अवकाशाची भूमिती हवी होती, तेव्हा ते गेले जुन्या वर्गमित्राकडे, गणिताचे प्राध्यापक मार्सेल ग्रॉसमन यांच्याकडे. १९१५ च्या नोव्हेंबरात गुरुत्वाकर्षणाची समीकरणं पूर्ण झाली.

(दृश्य: औंढा नागनाथ तालुका. दुधाळ्याचं माळरान.)

त्याच समीकरणांतून आलेल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आखडत जाणाऱ्या लहरी, टिपणारी वेधशाळा, लायगो-इंडिया, इथं होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. एकमेकींना काटकोनात असलेल्या ४ किलोमीटरच्या दोन भुजा. लेझरचा एकच झोत दोघींत वाटला जातो, आरशांवरून परततो आणि पुन्हा एक होतो. लहरी लहरींना पुसतात तिथं अंधार होतो. मायक्रोस्कोपखालच्या काळ्या वलयात असतो, तोच हा अंधार.

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी अशी लहर पहिल्यांदा पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. भुजांच्या लांबीतला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी, आणि सगळा प्रसंग जेमतेम सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याचा. जमिनीची थरथर आणि यंत्राची स्वतःची गुरगुर यांतून तो सूर निवडून काढला गणितानं. सकाळच्या तासाला पाठ केलेली ती फूरिए श्रेणी या कामाच्या मुळाशी आहे.

एम.एस्सी.च्या अर्जात मात्र विषय एकच निवडायचा असतो. ज्याचा निर्णय झाला नाही, त्याला माझं सांगणं आहे: कुठलाही घे, दुसऱ्याची वही रद्दीत घालू नकोस.

(दृश्य: पुन्हा प्रयोगशाळा. उघडं जर्नल.)

जर्नलचं उजवं पान रेघांचं, डावं कोरं. डाव्या पानावर पेन्सिलीनं दिवा, भिंग, मायक्रोस्कोप काढून झालाय. खाली चार बोटं जागा उरलीय. ती मुलगी कंपास उघडते, टोक रोवते, आणि त्या जागेत एक वर्तुळ काढते. मग पट्टी घेऊन, त्यात एक आडवी जीवा.