आजीची गुलाबी गोळी, आजीची पांढरी गोळी

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांबद्दल. त्यातही एकच औषध दोनदा पोटात जातं, त्याबद्दल.

अमेरिकेत 2011 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पासष्टीच्या पुढची जवळपास एक लाख माणसं दरवर्षी औषधांच्याच त्रासानं तातडीनं भरती होतात, असा अंदाज निघाला. त्यातल्या दोन-तृतीयांश भरत्या चारच प्रकारच्या औषधांमुळे: वॉरफरिन म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, इन्सुलिन, ॲस्पिरिनसारख्या रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या गोळ्या, आणि शुगरच्या गोळ्या. शुगरच्या गोळ्या, हे ध्यानात ठेवा.

मी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर बसायचो तेव्हाची गोष्ट. आर्वीकडची एक आजी, सत्तरीच्या पुढची. आषाढी एकादशीचा कडक उपास. सकाळी बिनसाखरेचा चहा अन् नेमानं गोळ्या. दुपारी आजी ओसरीवर घामानं ओलीचिंब, हातपाय थरथरताहेत, पोटच्या लेकालाच विचारते, "तू कोन रे बाप्पा?" घरचे म्हणाले, ऊन लागलं. आषाढात ऊन! नाकाशी कांदा धरला. शेजारीण म्हणाली, "बाहेरचं हाये." शेवटी ऑटोत घालून आणली. शुगर निघाली 38, म्हणजे धोक्याइतकी कमी. ग्लुकोज चढवल्यावर आजी उठून बसली आणि पहिलं काय विचारावं? "माहा उपास मोडला काय?"

(बाकी सलाईनचं वेड आपल्याकडं फार. 'अंगात ताकद नाही, एक बाटली लावा' म्हणणारे मी रोज पाहिले. त्या पैशात महिनाभराचा गूळ-शेंगदाणा येतो.)

आजीसोबत सातवीतली नात होती. तिनं औषधांची पिशवी खिडकीवर उपडी केली. आजीचा हिशेब साफ होता: "गुलाबी तालुक्याच्या डाक्टरची, पांढरी सरकारी. दोघायचाबी मान ठेवतो मी." नातीला म्हटलं, पट्टीवरची बारीक अक्षरं वाच. पोरीनं अक्षर अक्षर जुळवलं: ग्लि-मे-पि-राइड. दुसरी पट्टी घेतली. पुन्हा ग्लिमेपिराइड! कंपनी वेगळी, रंग वेगळा, औषध तेच, शुगर कमी करणारं. तेच औषध दोनदा, आणि पोटात साबुदाण्याचा दाणा नाही.

फवारणीच्या औषधासोबत मराठीत कागद येतो, मग माणसाच्या औषधाच्या पट्टीवर मराठी का नको? असो.

पैसाही दोनदा गेला. दुसऱ्या गोळीचा, ऑटोचा, वर ऐन निंदणाच्या दिवसांत लेकाची मजुरी बुडाली. 2024 पासून सत्तरीवरच्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, पण ते भरतीसाठी. मेडिकलमधली रोजची गोळी खिशातूनच.

म्हणून सांगतो, कोणत्याही डॉक्टरकडं जाताना सगळ्या गोळ्या एका पिशवीत न्या. सगळ्या. गुडघ्यासाठी आणलेली दुखण्याची गोळी आणि जडीबुटीची पुडीसुद्धा. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या या वयात किडनीला बाधू शकतात. उपास असेल तर शुगरच्या गोळीचं काय करायचं, ते आदल्या दिवशीच विचारा. मनानं मात्र कोणतीच गोळी बंद करू नका. जनऔषधी केंद्रातून स्वस्त गोळी जरूर आणा, पण तिच्यासोबत जुनी महागडी पट्टी चालू नाही ना, तेवढं पाहा. नाहीतर पुन्हा गुलाबी-पांढरी!

औषधानं त्रास झाला तर आधी दवाखाना गाठा. त्याची नोंद करायला सरकारचा मोफत नंबर आहे, लिहून घ्या: 1800-180-3024. पुन्हा सांगतो, 1800-180-3024. फोन करताना पट्टी हातात असू द्या, औषधाचं नाव विचारतील.