बावीस नावांचा रुग्ण

रात्रीची वेळ. इंग्लंडमधलं एक सरकारी रुग्णालय. पोट धरून कळवळणारा एक माणूस येतो. शर्ट वर केला तर पोटावर जुन्या शस्त्रक्रियांचे व्रणच व्रण. एवढ्यांदा पोट उघडलंय म्हणजे दुखणं गंभीर असणार, असं समजून त्याला पुन्हा टेबलावर घेतात.

दुखण्याचं सोंग घेणारे असे रुग्ण लंडनच्या डॉ. रिचर्ड अ‍ॅशर यांनी 1951 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वर्णन केले. पाकिटात ठिकठिकाणच्या रुग्णालयांची कार्डं, तोंडी नाट्यमय कहाणी, आणि संशयाची कुणकुण लागताच पोबारा. थापाड्या म्हणून गाजलेल्या एका जर्मन सरदारावरून अ‍ॅशर यांनी नाव दिलं, मुंचाउसेन सिंड्रोम.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा 5 जुलै 1948 ला सुरू झालेली. उपचाराच्या दारात पैसे मागायचे नाहीत, हे तिचं थोर तत्त्व. केसपेपर मात्र तेव्हा ज्या त्या रुग्णालयाच्या कपाटात. गाव आणि नाव बदललं की नवा केसपेपर, नवे एक्स-रे, सगळं पहिल्यापासून.

गिनेस बुकात अशा एका रुग्णाची नोंद आहे. 50 वर्षं, 100 रुग्णालयं, 22 नावं, लहानमोठ्या 400 शस्त्रक्रिया. खर्चाचा अंदाज 25 लाख पौंड. 1979 मध्ये रुग्णालयांना कंटाळून तो बर्मिंगहॅमच्या वृद्धाश्रमात गेला. 1983 मध्ये वारला.

त्याला लबाड म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. रजेसाठी, विम्यासाठी सोंग घेणाऱ्याला काहीतरी कमवायचं असतं. इथं पदरात पडते भूल, सुरी आणि टाके. वैद्यकशास्त्र हा मानसिक आजार मानतं. पण बिंग फुटलं की रुग्ण निघून जातो, आणि मनाचे उपचार सुरूच होत नाहीत.

पैशांचा हिशेब निदान मांडता तरी येतो. पण एकदा फसलेला डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे कोणत्या नजरेनं पाहणार? फसवणूक पकडण्याच्या नादात खरं दुखणं खोटं ठरू शकतं, आणि मला ही किंमत जास्त मोठी वाटते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण असह्य कळा घेऊन येतात आणि त्यांच्यावर वेदनाशामकांच्या व्यसनाचा संशय घेतला जातो. ब्रिटनमध्ये हे रुग्ण बहुतांशी कृष्णवर्णीय. त्यांच्या हेळसांडीवर तिथल्या खासदारांच्या गटानं 2021 मध्ये अहवाल दिला, त्यात वर्णद्वेषाचाही उल्लेख आहे. त्यांच्या कळा किती तीव्र आहेत हे मोजणारी रक्ततपासणी अजून नाही. डॉक्टरांना रुग्णाच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागतो.