उसाच्या मळ्यातली मंडळी

कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर साखर कारखान्याचं एक धुराडं उभं आहे. कारखाना बंद पडला, भोवतालचा ऊसही गेला. या बेटावरच्या पेंटेकॉस्टल मंडळीची, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, सुरुवात मात्र दुसऱ्याच एका बेटावरच्या उसात झाली.

8 ऑगस्ट 1899. सान सिरियाको चक्रीवादळाने 3 हजारांवर बळी घेतले आणि डोंगरातले कॉफीचे मळे आडवे केले. हाताला काम उरलं नाही. त्याच सुमारास हवाईच्या साखरमळ्यांचे दलाल मजूर शोधत आले. 1900-01 मध्ये 5 हजारांहून जास्त माणसं बायकामुलांसह निघाली. बोटीने न्यू ऑर्लीन्स, रेल्वेने कॅलिफोर्निया, पुन्हा बोट आणि मग होनोलुलू. त्यांतच होता याउको गावचा हुआन लुगो, वय वर्षं दहाच्या आसपास.

1906 साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे पवित्र आत्म्याने भरून जाण्याच्या अनुभवाची, लाट उठली. (आदल्याच वर्षी आपल्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्येही ती आली होती.) अझुसाचे प्रचारक आशियाकडे जाताना होनोलुलूला थांबत. मळ्यांतल्या मजुरांनी त्यांचं ऐकलं. आधी लुगोच्या आईने विश्वास धरला, मग 1913 साली लुगोने.

30 ऑगस्ट 1916 ला तो सान हुआनला उतरला आणि पुढे पोन्से शहरात आला. 1898 मध्ये अमेरिकेने बेट घेतल्यावर प्रॉटेस्टंट पंथांनी इथले इलाखे आपापसात वाटून घेतले होते. त्या वाटणीत लुगोला जागा नव्हती. पाठीशी शाळा नाही, दवाखाना नाही. सालोमोन फेलिसियानो या सहकाऱ्याला सोबत घेऊन तो रस्त्यावरच उभा राहिला आणि साक्ष देऊ लागला. मजुराने मजुरांना दिलेली सुवार्ता होती ही. म्हणूनच ती इथे रुजली.

आता उपासनेतल्या एका वादकाचे हात बघा. डाव्या हातात वाळवून खाचा पाडलेला लांबट भोपळा, उजव्या हातात तारांचा काटा. वरखाली घासला की तालात खरखर उमटते. हा गुइरो, डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या गाण्यातला. गिटार आणि खंजिरीच्या जोडीने तो इथे उपासनेत वाजतो. या माणसांना परमेश्वरासमोर उभं राहण्यासाठी आपलं गाणं दाराबाहेर ठेवावं लागलं नाही.

1922 मध्ये मंडळीची कायदेशीर नोंदणी झाली. 1931 मध्ये लुगो न्यूयॉर्कच्या पोर्तोरिकन वस्तीत गेला. 1957 मध्ये बेटावरची मंडळी असेंब्लीज ऑफ गॉड या अमेरिकेतल्या पेंटेकॉस्टल संघटनेपासून वेगळी झाली, आणि आपला कारभार आपणच बघू लागली.