प्रथमोपचाराची पेटी नको, सराव द्या: छोट्या न्यासांच्या अनुदानाविषयी

नमस्कार. महाराष्ट्रात असे कितीतरी छोटे सार्वजनिक न्यास आहेत, ज्यांच्याकडे मोठा निधी नाही, पगारी कर्मचारी नाहीत, कार्यालय म्हणजे एखाद्या विश्वस्ताच्या घरातील कपाट, आणि तरीही दरवर्षी पंचवीस-पन्नास हजार रुपये चांगल्या कामाला द्यावेत अशी त्यांची प्रामाणिक इच्छा असते. बहुतेक वेळा ही रक्कम वह्यावाटप, गुणवंतांचा सत्कार किंवा एखादे आरोग्य शिबिर यांवर खर्च होते. आज मी एका वेगळ्या विनियोगाविषयी बोलणार आहे: वस्तीतील प्रथमोपचार, आणि तो शिकणारी तरुण मुले-मुली. या कामाला छोटे अनुदान पुरते, इतकेच नव्हे तर ते मोठ्या देणगीपेक्षा अधिक उपयोगी पडू शकते. मात्र ते वस्तूंवर नव्हे, सरावावर खर्च झाले पाहिजे, असे माझे मत आहे.

आधी या कामाची गरज पाहू. आपल्या राज्यातील १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. परंतु रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी घाटातील वाडीपर्यंत किंवा शहरातील गर्दीच्या पेठेपर्यंत पोहोचायला तिला वेळ लागतोच. माणसाचे हृदय अचानक बंद पडले, तर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, आणि सीपीआर, म्हणजे छाती लयीत दाबून रक्तप्रवाह चालू ठेवण्याचा उपाय, न मिळाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणजे सुरुवातीची मिनिटे डॉक्टरांच्या हातात नसतात. त्या क्षणी जो शेजारी उभा असेल त्याच्या हातात असतात.

आता शेजारी कोण उभे असते, याचा विचार करा. गावात दुपारी बाराच्या सुमाराला कर्ती माणसे शेतावर, कारखान्यात किंवा तालुक्याच्या ठिकाणी गेलेली असतात. घरी उरतात ती आजी-आजोबा आणि शाळा-कॉलेजातून परतलेली मुले. तरुणांना शिकवायचे ते ‘उद्याचे नागरिक’ म्हणून, असे आपण भाषणांत म्हणतो. इथे मात्र ते आजच उपयोगी पडणारे आहेत.

याला जगाचा अनुभवही पुष्टी देतो. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका निवेदनाला पाठिंबा दिला, ज्यात बाराव्या वर्षापासून प्रत्येक शाळकरी मुलाला दरवर्षी दोन तास सीपीआर शिकवावा अशी शिफारस आहे. डेन्मार्कने तर २००५ मध्येच हे शिक्षण शाळांमध्ये बंधनकारक केले. त्या देशात रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी २००१ मध्ये सुमारे २१ टक्के लोकांना आसपासच्या माणसांकडून सीपीआर मिळत असे. २०१० पर्यंत हे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवर गेले, आणि तीस दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर पोहोचले. हे सगळे श्रेय एकट्या शाळांचे नाही, कारण त्याच काळात वाहनपरवान्यासाठीचे प्रशिक्षण, दूरध्वनीवरून मार्गदर्शन आणि रुग्णालयातील उपचार यांतही सुधारणा झाल्या. तरीही दिशा स्पष्ट दिसते.

असे असताना आपल्याकडील अनुदान कुठे जाते? पेटीवर. शाळेला पेटी, ग्रामपंचायतीला पेटी, मंडळाला पेटी. देणाऱ्यांचे नाव पेटीवर ठळक, समारंभाचे छायाचित्र वर्तमानपत्रात. वर्षभराने ती पेटी उघडली, तर मलमांची मुदत संपलेली असते, बँडेज कोणीतरी खेळाच्या तासाला वापरलेले असते, आणि किल्ली शिपायाकडे असून शिपाई रजेवर असतो. पेटी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ ने दर दीडशे कामगारांमागे किमान एक पेटी सक्तीची केली होती आणि ते योग्यच होते. पण त्याच तरतुदीत हेही म्हटले होते की पेटी एका जबाबदार, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या ताब्यात असावी. आपण पेटी उचलली आणि ती व्यक्ती मागेच राहिली.

हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या स्वयंचलित यंत्राविषयी, म्हणजे एईडीविषयी, हाच प्रश्न अधिक तीव्रतेने विचारावा लागतो. रेल्वे स्थानकात किंवा मोठ्या क्रीडासंकुलात ते असलेच पाहिजे. छोट्या न्यासाने मात्र वर्षाचे सगळे अनुदान एका यंत्रात घालण्यापूर्वी दोन गोष्टींची लेखी उत्तरे मागावीत: त्याची बॅटरी आणि छातीला चिकटवायच्या पट्ट्या मुदत संपल्यावर कोण बदलणार, आणि रात्री दहा वाजता ज्या दाराआड ते ठेवलेले असेल ते दार कोण उघडणार. या उत्तरांशिवाय घेतलेले यंत्र भिंतीवरच राहते.

मग सरावावर खर्च म्हणजे नेमके काय? सीपीआरमध्ये छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो. हे वाक्य ऐकायला तीन सेकंद लागतात. हाताला ते कळायला मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, घाम येईपर्यंत दाबावे लागते. दोनशे विद्यार्थ्यांना सभागृहात बसवून, एका डॉक्टरांचे व्याख्यान ठेवून आणि शेवटी प्रमाणपत्रे वाटून हे साधत नाही. शिवाय हे कौशल्य टिकत नाही. शिकल्यानंतर काही महिन्यांतच ते ओसरू लागते, असे निरनिराळ्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. त्यामुळे दुसऱ्या सत्राची तरतूद ज्या अर्जात नाही, तो अर्ज विश्वस्तांनी परत पाठवावा, इतक्या टोकापर्यंत जायला मी तयार आहे. वीस मुले, दोन-तीन पुतळे, पहिले पूर्ण सत्र आणि सहा महिन्यांनी अर्ध्या दिवसाची उजळणी, असा आराखडा दोनशे प्रमाणपत्रांपेक्षा अधिक मोलाचा आहे.

शिकवणारे मिळणे तितके अवघड नाही. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि इंडियन रेड क्रॉस सोसायटी यांचे प्रशिक्षणवर्ग चालतात. जवळ वैद्यकीय महाविद्यालय असेल तर तेथील भूलशास्त्र विभागाला विचारता येते. भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी केवळ छाती दाबण्यावर आधारलेली सोपी पद्धत मांडली, आणि ती शाळकरी मुलांनाही शिकवता येते.

परंतु अभ्यासक्रम सगळीकडे एकच असावा, हे मला मान्य नाही. या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो: इथे माणसे कशाने दगावतात? ज्या गावाला खाडी, नदी किंवा कठडा नसलेली विहीर आहे, तेथे नुसती छाती दाबण्याची पद्धत पुरेशी नाही, कारण बुडालेल्या माणसाला प्राणवायूची उणीव झालेली असते आणि त्याला तोंडाने श्वासही द्यावा लागतो. त्याहून आधी हे शिकवावे लागते की पोहता येणाऱ्यानेही थेट उडी न घेता दोर, बांबू किंवा रिकामा कॅन पुढे करावा. नाहीतर एकाच्या जागी दोघे जातात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसे आहे, आणि राज्यभर नाग, मण्यार व घोणस आहेत. या चारही सापांच्या विषावर चालणारे इंजेक्शन आपल्या सरकारी रुग्णालयांत दिले जाते. तरीही सर्पदंश झाला की आधी करकचून दोरी बांधली जाते, ब्लेडने चिरा दिला जातो, आणि उरलेला वेळ मांत्रिकाकडे जातो. मुलांना शिकवायचे ते इतकेच: माणसाला धीर द्या, अंगठी-कडे काढा, हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका, आणि थेट रुग्णालय गाठा. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका.

कुत्रा चावला तर जखमेवर चुना किंवा तिखट लावण्याची पद्धत अजून गेलेली नाही. खरे काम साबण आणि वाहते पाणी करते, तेही पंधरा मिनिटे, आणि त्यानंतर त्याच दिवशी लस. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावायची नाही. वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडायचे. फेफरे आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही आणि त्याच्या दातांत चमचा घालायचा नाही. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करायच्या, झटके ओसरले की त्याला कुशीवर वळवायचे आणि घड्याळ पाहायचे. पाच मिनिटांनंतरही झटके थांबले नाहीत, तर रुग्णवाहिका बोलवायची. या घरगुती समजुती बदलण्यासाठी तज्ज्ञांच्या व्याख्यानापेक्षा घरातली नववीतली मुलगी अधिक परिणामकारक ठरते, कारण आजीशी वाद घालण्याचा अधिकार तिला आधीपासून असतो.

आणि गोविंदा पथके. वरच्या थरावरून कोणी कोसळला की चार जण त्याला हात-पाय धरून उचलतात आणि गाडीत घालतात. हेतू चांगला असतो. पण मानेचा किंवा पाठीचा मणका दुखावला असेल, तर त्या उचलण्यानेच मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. ज्या न्यासाला तरुणांपर्यंत पोहोचायचे आहे त्याने शाळेच्या दारातच थांबू नये. पथकांचा सराव आठवडेच्या आठवडे चालतो. त्यातील एक संध्याकाळ डोके-मान स्थिर कशी धरावी यासाठी मागितली, तर पथक नाही म्हणणार नाही.

शिकलेली मुलेही कधी कधी पुढे होत नाहीत, याचे कारण पोलिसांच्या फेऱ्यात अडकण्याची भीती हे असते. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अपघातात मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. रस्ते अपघातातील जखमीला सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही चुकले तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे कलम मुलांना आणि विशेषतः त्यांच्या पालकांना प्रशिक्षणातच वाचून दाखवावे.

आता पैशांच्या नियमांकडे येऊ. पहिली पायरी म्हणजे न्यासाची घटना उघडून पाहणे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाने नोंदलेल्या उद्दिष्टांसाठीच पैसा वापरायचा असतो. शिक्षण किंवा वैद्यकीय मदत हे उद्दिष्ट असेल, तर हे काम त्यात बसते. दुसरी बाब आयकराची. २०२३ च्या बदलानंतर एका नोंदणीकृत न्यासाने दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला शंभर रुपये दिले, तर देणाऱ्याच्या हिशेबात पंच्याऐंशीच रुपये उद्दिष्टावर खर्च झाले असे धरले जाते. प्रशिक्षकाचे मानधन आणि पुतळ्यांचे बिल न्यासाने स्वतः थेट चुकते केले, तर हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि नोंदणी नसलेल्या तरुण मंडळाच्या हाती रोख देण्याची वेळही येत नाही. आपल्या सनदी लेखापालांना हे आधी विचारावे, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे.

परदेशातून हा भाग पाहणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी निधी मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र मूळ गाव साताऱ्यात असले तरी ती विदेशी निधीच ठरते. ती स्वीकारण्यासाठी न्यासाकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी निधीच्या नियमनाचा कायदा, याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि सप्टेंबर २०२० पासून असा निधी पुढे दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही.

अठरा वर्षांखालील मुले असल्यामुळे पालकांची लेखी संमती, प्रत्येक सत्राला किमान दोन प्रौढ व्यक्ती आणि मुलींसाठी महिला प्रशिक्षक या अटी अनुदानाच्या पत्रातच असाव्यात. छायाचित्रांसाठी वेगळी संमती घ्यावी. अहवाल मात्र एका पानापेक्षा मोठा मागू नये. त्यात एकच आकडा महत्त्वाचा: उजळणीच्या दिवशी, आधी काहीही न सांगता पुतळ्यासमोर उभे केल्यावर, किती जणांना योग्य दाब देता आला. तो आकडा कमी आला, तर अनुदान बंद करण्यापेक्षा उजळणी वाढवावी.

राहिला वेळेचा प्रश्न. सर्पदंश पावसाळ्यात वाढतात, दहीहंडी श्रावणात येते, आणि विसर्जनाच्या काळात नद्या भरलेल्या असतात. म्हणजे पहिले सत्र जूनमध्ये शाळा उघडल्याबरोबर झाले पाहिजे आणि उजळणी डिसेंबर-जानेवारीत. त्यासाठी अर्ज मागवण्याचा ठराव एप्रिलच्या बैठकीत व्हावा लागतो. बरेच न्यास तो ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाबरोबर करतात, आणि तोवर अर्धा पावसाळा उलटलेला असतो.